गावकुसाबाहेरचा रोग

आमच्या लोकांनी रोगांना नावे देताना फारसा डामडौल केलेला नाही. पटकी, देवी, गोवर, हिवताप ही नावे साधी आणि कामापुरती आहेत. महामारीस 'महा' हे उपपद लागले त्याचे कारण सांगावयास नको. ती आली म्हणजे गावे ओस पडत. परंतु महारोगास ते का लागावे, हा प्रश्न विचार करू लागल्यास सहज सुटत नाही. ह्या रोगाने माणूस सहसा मरत नाही. क्षयाने थोरल्या माधवरावांसारखा कर्ता पुरुष अठ्ठाविसाव्या वर्षी थेऊरास हिरावून नेला, तरी त्या रोगास 'राजयक्ष्मा' असे राजेशाही नाव मिळाले, आणि क्षयी माणसाचे अंथरूण बहुधा घरातच राहिले. महारोगी मात्र जगत राही, आणि जगत राही म्हणूनच दिसत राही. त्याची झोपडी गावकुसाबाहेर पडे.

ही दोन्ही दुखणी एकाच कुळातील जंतूंची करणी आहेत, आणि त्या कुळाचे शास्त्रीय नाव मायकोबॅक्टेरियम, हे आता शाळेतील मुलासही ठाऊक असते. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट ही की, ह्या जंतूंनी होणाऱ्या नुकसानीचा मोठा वाटा जंतूचा नसून त्याचा प्रतिकार करणाऱ्या आमच्याच शरीराचा असतो. हे ज्ञान हळूहळू, दीडशे वर्षांत, पुष्कळ चुकत-माकत मिळाले. ते मिळण्याच्या आणि कामी लावण्याच्या इतिहासात सातारा, माटुंगा, परळ आणि शेवटी नगर जिल्ह्यातील जामखेड ह्या चार ठिकाणांचा संबंध आला, तो येथे सांगण्याचा आमचा हेतू आहे. (अहमदनगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण लेखातील बहुतेक हकीकत त्यापूर्वीची असल्यामुळे आम्ही जुनेच नाव ठेवले आहे.) 'महारोग' हा शब्दही आता टाकून दिलेला बरा, पुढे आम्ही 'कुष्ठरोग' असेच म्हणू, आणि जुना शब्द जुन्या माणसांच्या तोंडी तेवढा राहू देऊ.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे नाव वैद्यकीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित असावयास पाहिजे, पण नसते. ग्रे ह्यांच्या १८५८ सालच्या शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे ह्या कार्टरांनी काढली. ग्रंथ ग्रे ह्यांच्या नावाने अमर झाला आणि चित्रकार त्याच वर्षी नोकरीसाठी मुंबईस निघून आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकविल्यानंतर १८६३ पासून सुमारे नऊ वर्षे कार्टर साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. शवविच्छेदनात कुष्ठरोग्यांचे मज्जातंतू जाड व सुजलेले आढळतात हे त्यांनी हिंदुस्थानात प्रथम नीट मांडले. चित्रकाराचा डोळा येथे कामी आला असावा. कातडीवर उमटणारा हा रोग मुळात मज्जातंतूंचा आहे ही गोष्ट तेव्हापासून कागदावर आहे. ती समजण्यास मात्र आणखी शंभर वर्षे जावी लागली.

त्या काळी खरा वाद असा होता की हा रोग संसर्गाने होतो की रक्तातून उतरतो. नॉर्वेमधील डॅनिएलसन हे ह्या विषयातील सर्वात मोठे अधिकारी मानले जात. त्यांनी एक धाडस केले. रोग्याच्या गाठीतील द्रव्य त्यांनी स्वतःच्या आणि आपल्या सहकाऱ्यांच्या अंगात अनेक वेळा टोचून घेतले. कोणासही रोग झाला नाही, आणि त्यावरून रोग आनुवंशिक आहे हा त्यांचा समज पक्का झाला. प्रयोग प्रामाणिक होता, निष्कर्ष चुकला. शंभरातील सुमारे पंच्याण्णव माणसांच्या शरीरास हा जंतू उपजतच आवरता येतो, हे डॅनिएलसन ह्यांस ठाऊक नव्हते. त्यांच्या अंगात रोग शिरला नाही तो त्यांच्या प्रतिकारशक्तीमुळे, आणि ह्या शक्तीचा विचार करण्याची भाषाच तेव्हा जन्मास आलेली नव्हती. त्यांचे जावई हॅन्सेन ह्यांनी १८७३ साली बर्गेन येथे रोग्यांच्या गाठींत काड्यांसारखे जंतू पाहिले. कार्टर त्याच वर्षी नॉर्वेस गेले होते. परत येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या: रोग जंतूंनी होतो ही खात्री, आणि नॉर्वेप्रमाणे येथेही रोग्यांस वेगळे ठेवावे हा आग्रह. पहिलीने विद्येचे कल्याण केले. दुसरीचे फळ पुढे दिसेल.

मुंबईतच ह्या सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड कुष्ठरोग्यांस एक औषध देत असत, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. शिलालेख आणि नाणी वाचणारा, संस्कृत पोथ्या जमविणारा हा गोमंतकातील विद्वान ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील पदवीधर होता. औषधाचे मर्म त्यांनी प्रसिद्ध केले नाही, आणि १८७४ साली ते निवर्तले. ते कडू कवठाच्या बियांचे तेल होते असे मागाहून कळले. सल्फोन गटातील औषधे येईपर्यंत, म्हणजे १९४० च्या दशकापर्यंत, ह्याच जातीच्या वृक्षांचे तेल जगभर कुष्ठरोग्यांस टोचण्यात येत होते. एरवी विद्या खुली करण्यासाठी झटलेल्या ह्या पुरुषाने औषध तेवढे झाकून का ठेवले, ह्याचे आम्हांस अद्याप आश्चर्य वाटते.

१८९० हे साल ह्या इतिहासात विलक्षण आहे. त्या वर्षी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अॅकवर्थ ह्यांनी शहरातील रस्त्यांवर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांसाठी माटुंग्यास आश्रम काढला; पुढे त्यास त्यांचेच नाव मिळाले. मराठी वाचकांस अॅकवर्थ निराळ्या कारणाने माहीत आहेत. शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्या साहाय्याने ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली छापणारे ते हेच अॅकवर्थ. गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे उतरवून घेणारा आणि रस्त्यावरचे कुष्ठरोगी उचलून आश्रमात नेणारा माणूस एकच होता, आणि दोन्ही कामे त्याने सारख्याच निष्ठेने केली. आश्रमात निवारा होता, अन्न होते, औषधपाणी होते. तरीही भिंत ती भिंतच.

ह्याच वर्षी इंग्लंडहून आलेले कुष्ठरोग मंडळ देशभर फिरू लागले. संसर्गाचा धोका इतका अल्प आहे की सक्तीने कोंडण्याचे कारण नाही, असा त्याचा अभिप्राय पडला. सरकारने तो ऐकला आणि १८९८ साली कायदा केला तो उलट्या दिशेने जाणारा. ज्याच्या अंगावर व्रण आहेत आणि ज्यास उपजीविकेचे साधन नाही अशा रोग्यास वॉरंटावाचून पकडून आश्रमात धाडण्याचा अधिकार पोलिसांस मिळाला. ज्याच्या घरी खावयास होते त्यास ही धरपकड लागू नव्हती. जंतू मनुष्याची मिळकत पाहून अंगात शिरतो असे कायदा करणाऱ्यांस वाटले असेल, असे म्हणवत नाही. रोगापेक्षा त्याचे दर्शन त्यांस नकोसे झाले होते, इतकेच.

आणि ह्याच १८९० साली बर्लिनमध्ये कॉख ह्यांनी क्षयावर आपणांस औषध सापडल्याचे जाहीर केले. क्षयजंतू त्यांनीच १८८२ साली दाखविला होता. त्या जंतूंच्या अर्कापासून केलेले ट्युबरक्युलिन निरोगी माणसास टोचले तर फारसे काही होत नसे. क्षयी माणसास टोचले तर ताप चढे, गाठी पेटत, कित्येकदा रोगी दगावे. औषध म्हणून ते फसले. परंतु मेलेल्या जंतूचा नुसता अर्क जर रोग्यास मारू शकतो आणि निरोग्यास शकत नाही, तर मारणारे त्या अर्कात नसून रोग्याच्या शरीरात असले पाहिजे. एका फसलेल्या औषधाने नव्या शास्त्राचे दार उघडून दिले. आजही क्षयाच्या संसर्गाची परीक्षा करण्यासाठी हातावर जी सुई टोचतात ती ह्याच अर्काच्या शुद्ध रूपाची.

कुष्ठरोगात हीच परीक्षा १९१९ साली जपानचे मित्सुदा ह्यांनी आणली. रोग्याच्या गाठी उकळून केलेले द्रव्य त्यांनी कातडीत टोचले आणि तीन-चार आठवडे वाट पाहिली. ज्यांचा रोग सौम्य होता त्यांच्या हातावर गाठ उठली. ज्यांचे सर्वांग जंतूंनी भरलेले होते त्यांच्या हातावर काहीच उठले नाही. म्हणजे सर्वांत अधिक रोगग्रस्त शरीर हे रोगाची सर्वांत कमी दखल घेणारे होते. रोगाचे रूप जंतूवर ठरत नसून शरीराच्या उत्तरावर ठरते, ह्याचा ह्याहून उघड पुरावा मागावयास नको. पण हेच मित्सुदा जपानात रोग्यांस आजन्म सक्तीने कोंडण्याचे मोठे पुरस्कर्ते झाले, आणि तो कायदा तेथे १९९६ पर्यंत टिकला. हातातील सुईने सांगितलेली गोष्ट डोक्यापर्यंत पोहोचतेच असे नाही.

आता जंतूकडे वळू. कुष्ठजंतू हा ह्या कुळातील सर्वांत आळशी प्राणी होय. पुष्कळसे सामान्य जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. क्षयजंतूस सुमारे वीस तास लागतात. कुष्ठजंतूस जवळजवळ पंधरवडा. म्हणूनच संसर्ग झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीसही वर्षे जातात, आणि रोग कोणाकडून आला हे रोग्यास सांगता येत नाही. त्याच्या अंगावर मेणासारख्या स्निग्ध द्रव्याचे जाड वेष्टण असते. त्यामुळे एकदा चढविलेला रंग आम्लाने धुतला तरी उतरत नाही, आणि शरीरातील पाचक रसांसही तो दाद देत नाही. त्यास थंडावा आवडतो: नाक, कानाची पाळी, हातापायांच्या कडेने जाणारे मज्जातंतू. काचेच्या नळीत तो आजपर्यंत कोणासही वाढविता आलेला नाही. १९६० साली उंदराच्या तळपायात आणि १९७१ साली अमेरिकेतील आर्माडिलो ह्या खवलेदार, थंड रक्ताकडे झुकणाऱ्या प्राण्यात तो वाढला, तेव्हा कोठे संशोधकांस पुरेसे जंतू मिळू लागले. २००१ साली त्याची जनुकसंहिता वाचून झाली. क्षयजंतूजवळ सुमारे चार हजार चालती जनुके आहेत; ह्याच्याजवळ सोळाशेच्या आसपास, आणि अकराशेहून अधिक मोडून पडलेली. मोठ्या वाड्याचे दोन सोपे राहते ठेवून बाकीचा पडू द्यावा, तसे ह्याने केलेले आहे. जे यजमानाकडून मिळते ते स्वतः करण्याची कला तो विसरला.

असा हा जंतू विष निर्माण करीत नाही. मग हात वाकडे का होतात? शरीरातील भक्षक पेशी त्यास गिळतात, पण गिळल्यावर पचविण्याची जी क्रिया व्हावयाची ती तो अडवून धरतो आणि त्यांच्याच पोटात राहतो. त्या पेशींस चेतविण्यासाठी टी-पेशी नावाच्या दुसऱ्या पेशींचा हुकूम लागतो. बहुतेक माणसांत तो वेळेवर येतो आणि प्रकरण तेथेच संपते. थोड्या माणसांत तो मुळीच येत नाही; जंतू कोट्यवधींनी वाढतात, कातडी जाड होते, भुवया झडतात. आणि काही माणसांत हुकूम असा जोरात येतो की जंतू थोडे आणि लढाई मोठी, असा प्रकार होतो. ही लढाई मज्जातंतूच्या घट्ट वेष्टणाच्या आत होते. तेथे सुजेस जागा नसते, आणि तंतू दाबून मरतो. कोपर आपटले असता करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारी जी शीर, तीच ह्या रोगात वारंवार बळी पडते. मग करंगळी आणि शेजारचे बोट आत वळते. २०१७ साली बडोद्यात वाढलेल्या लळिता रामकृष्णन ह्यांच्या केंब्रिज येथील प्रयोगशाळेशी संबंधित संशोधकांनी पारदर्शक माशांच्या पिलांत हे प्रत्यक्ष पाहिले. जंतूच्या वेष्टणातील एका द्रव्यामुळे भक्षक पेशी भडकतात, आणि त्यांनी सोडलेला नायट्रिक ऑक्साइड मज्जातंतूच्या आवरणास इजा करतो.

बोटे 'झडतात' असे म्हणतात तेही खरे नव्हे. स्पर्श गेलेल्या हाताने बाई तव्यावरची भाकरी उलटते आणि भाजल्याचे तिला कळत नाही. अनवाणी पायात काटा राहतो. रात्री उंदीर कुरतडतो, आणि माणूस जागा होत नाही. व्रण चिघळतो, हाड आखडत जाते. जंतू कधीच मेलेले असले तरी हे चालूच राहते.

परळ येथील हकीकत आता सांगितली पाहिजे. तेथील संशोधन केंद्राचे प्रमुख वसंत रामजी खानोलकर हे रोगविकृतीचे शास्त्रज्ञ. रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचे सूक्ष्म छेद तपासून, जंतू प्रथम मज्जातंतूंच्या बारीक टोकांत आढळतो आणि तेथून वर सरकतो असे त्यांनी १९५० च्या सुमारास मांडले. कार्टरांनी पाहिलेल्या जाड शिरांचा अर्थ येणेप्रमाणे लागला. खानोलकरांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविलेल्या कमल रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, पुण्याच्या हुजूरपागेतील विद्यार्थिनी) बाल्टिमोरहून पेशीसंवर्धनाची विद्या शिकून आल्या होत्या. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर ह्यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतील द्रव्य मानवी गर्भाच्या मज्जापेशींच्या संवर्धनात घालून त्यातून एक जंतू वाढविल्याचे जाहीर केले. जगास जे साधले नव्हते ते परळात साधले, असे काही काळ वाटले.

तसे झाले नव्हते. तो जंतू कुष्ठजंतू नसून त्याच्याच कुळातील एक निराळा भाऊबंद असल्याचे पुढे बहुतेकांनी मान्य केले. येथे गोष्ट संपावयास हरकत नव्हती. परंतु डॉ. माधव देव ह्यांनी ह्याच जंतूस किरणांनी मारून १९७९ च्या सुमारास लस तयार केली. तमिळनाडूत सुमारे १,७१,००० माणसांवर निरनिराळ्या लशींची तुलना झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात परळच्या लशीने ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. मेलेले खरे कुष्ठजंतू आणि बी.सी.जी. एकत्र दिले असता ६४ टक्के, आणि नुसत्या बी.सी.जी.ने ३४.१ टक्के. चुकीच्या जंतूने खऱ्या जंतूपेक्षा तिळभर अधिकच काम केले! एका भावाची चेहरेपट्टी ओळखीची झाली की दुसरा गर्दीतही ओळखू येतो, तशी शरीराची गत आहे. ही लस सार्वत्रिक झाली नाही, कारण तोपर्यंत औषधांनी रोग पुष्कळ हटविला होता. तरी आमच्या मते ह्या संशोधनाचे मोल निकालाच्या टक्क्यांहून मोठे आहे.

प्रयोगशाळेतील हे सर्व ज्ञान गावात कसे पोहोचावे? वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे डॉ. वारदेकर ह्यांनी १९५० च्या दशकात घरोघर तपासणी, लोकशिक्षण आणि घरीच उपचार हा मार्ग घालून दिला, आणि सरकारने तो उचलला. पण त्यासाठी नेमलेला माणूस हा केवळ कुष्ठरोगाचा माणूस असे. त्याची सायकल ज्या दारासमोर थांबे ते दार गावाच्या लक्षात राही. जामखेडचे वैशिष्ट्य येथून सुरू होते.

रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातच वाढलेले, शिक्षक आईबापांचे चिरंजीव. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांची आणि मेबल ह्यांची गाठ पडली. दोघांनी १९६० च्या दशकात नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काम केले, आणि तेथे त्यांस दिसून आले की बरी करून घरी पाठविलेली माणसे त्याच दुखण्याने परत येतात. अमेरिकेत शिकून १९७० साली ती दोघे जामखेडला आली. अवर्षणाचा तालुका, बेभरवशाची ज्वारी, आणि दोन वर्षांतच १९७२ चा दुष्काळ. त्यांच्या आरंभीच्या नोंदीत हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती, आणि कुष्ठरोगाचे प्रमाण हजारी चार होते.

गावोगाव परिचारिका नेमण्याचा त्यांचा पहिला बेत फसला. शिकलेली एकटी मुलगी परक्या गावात राहावयास तयार नसे, आणि गावही तिचे ऐकत नसे. मग गावातीलच एक बाई निवडून तिला शिकवावे अशी सूचना पुढे आली. निवडलेल्या बायांपैकी पुष्कळ निरक्षर, पुष्कळ दलित वस्तीतील. आठवड्यास एकदा त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, शिकत आणि परत जात. त्या गर्भारणीचे पोट तपासत, मुलांचे दंड मोजत, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी देत. आणि ह्या सर्वांत मिसळून कातडीवरचे चट्टेही पाहत. फिक्या चट्ट्यावर पिसाने हलकेच स्पर्श करावयाचा आणि डोळे मिटलेल्या माणसास तो कळतो का ते विचारावयाचे: एवढ्या साधनाने निदानाचे बरेचसे काम होते. बाई बाळंतिणीच्या घरी जाते तशीच रोग्याच्या घरीही जाते. कोणाच्या दाराकडे बोट दाखविण्याचे कारण उरत नाही.

जामखेडच्या दवाखान्यात कुष्ठरोग्यांसाठी निराळी इमारत ठेवली गेली नाही. इतर रोग्यांबरोबर त्यांसही तेथेच तपासत. हे दयाबुद्धीने झाले असे कोणी म्हणेल, पण त्यास भक्कम शास्त्रीय आधार होता. बहुतेकांस हा रोग होऊ शकत नाही, आणि उपचार सुरू झालेल्या रोग्यापासून होण्याचे भय तर फारच थोडे. १९८१ नंतर रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही औषधे एकत्र देण्याची पद्धत आली, आणि उपचाराची मुदत आयुष्यभरावरून सहा किंवा बारा महिन्यांवर उतरली. पुढील दोन दशकांत प्रकल्पाच्या गावांतील प्रमाण हजारी एकाहूनही खाली गेले. ज्यांचे पाय आधीच गेले त्यांच्यासाठी तेथील कारखान्यात जयपूर पाय तयार होऊ लागले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबल १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली निवर्तले.

तरीही गावातील त्या बाईचे खरे काम गोळ्या सुरू झाल्यावर लागते, हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. जंतू मरू लागले की दबलेली प्रतिकारशक्ती कधीकधी एकाएकी जागी होते. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, कोपराची शीर ठणकते, आणि चार-दोन दिवसांत पंजा लुळा पडू शकतो. रोगी म्हणतो, औषधाने रोग वाढला, आणि गोळ्या फेकून देतो. वस्तुतः रोग हटत असतो आणि शरीर बेभान झालेले असते. अशा वेळी स्टिरॉइड देऊन शरीरालाच आवरावे लागते, आणि मूळ गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात. हे ओळखणारे माणूस गावातच असेल तर हात वाचतो. शिवाय क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते; जो रोग लपविता आला असता तो औषधामुळेच चेहऱ्यावर येतो. शेजारणीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हेसुद्धा कोणीतरी सांगावे लागते.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, सह्याद्रीच्या कुशीत, अकोले तालुका आहे. परळात जंतू वाढविणाऱ्या कमल रणदिवे उत्तर आयुष्यात नगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करीत होत्या, आणि खेड्यांतील बायांस आरोग्याचे शिक्षण देण्याच्या कामात पडल्या होत्या. काचेच्या नळीतून हा प्रवास पोराच्या दंडाच्या घेरापर्यंत झाला, तो आम्हांस सुसंगत वाटतो. टी-पेशींचा तो हुकूम उपाशी शरीरात क्षीण होतो. जगातील सुमारे चौथा हिस्सा माणसांच्या शरीरास क्षयजंतूचा संसर्ग होऊन गेलेला आहे, आणि त्यांतील शंभरात पाच-दहांसच पुढे क्षय जडतो. ते कोण, हे ठरविण्यात भुकेचा हात मोठा असतो. फुप्फुसात पडणारी पोकळीही शरीराच्या स्वतःच्याच प्रक्षोभाने पडते, आणि तिच्यातूनच खोकल्यावाटे जंतू बाहेर निघतात. जामखेड, पाथर्डी ह्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी टोळ्या निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. क्षयाच्या औषधाची मुदतही जवळजवळ तेवढीच, सहा महिन्यांची. ज्याच्या गोळ्या गावच्या केंद्रात आहेत तो माणूस उसाच्या फडात असतो.

१८९८ चा कायदा आता रद्द झालेला आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे २०१९ साली पाच विवाहविषयक कायद्यांतून काढून टाकण्यात आली. तोपर्यंत ती होती, हे वाचून पुष्कळांस नवल वाटले. २००५ च्या अखेरीस देशातील प्रमाण दहा हजारी एकाच्या खाली गेल्याचे सरकारने जाहीर केले, तरी त्यानंतरही दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रोगी सापडत राहिले आहेत. ही संख्या जगातील निम्म्याहून अधिक आहे.

२०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने नवी शिफारस केली: रोग्याच्या संपर्कातील निरोगी माणसांस रिफॅम्पिसिनची एकच मात्रा द्यावी. बांगलादेशातील ज्या पाहणीवर ती मुख्यतः आधारलेली आहे तीत पहिल्या दोन वर्षांत नवे रोगी निम्म्याहून कमी झाले, आणि त्यातही लाभ रक्ताच्या नात्यांतील माणसांपेक्षा शेजारी-पाजारी व दूरच्या संपर्कातील लोकांत अधिक दिसला. आता शेजाऱ्यास मात्रा द्यावयाची तर ती कशासाठी हे त्यास सांगावे लागते, आणि ते सांगण्यापूर्वी रोग्याची संमती घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर मात्रा त्याच्या घरापुरतीच राहते.